घासणार कोण?

बर्‍याच दिवसांत इथे काही खरडलं नाही. कारण विशेष नाही, आळस. पण गेल्या मे महिन्यात आमच्या घरी ताटांवरून जे रामायण झालं ते अजून डोक्यातून जात नाही. अर्धे नातेवाईक हे वाचतात हे माहीत असूनही (किंवा माहीत आहे म्हणूनच) लिहून टाकतो आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल फोन करावा. वहिनी सोडून. त्यांच्याशी बोलणं झालेलं आहे.

तर झालं असं. आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. हॉल नको, केटरर नको, घरीच सगळे जेवू, असं तिचं म्हणणं. माणसं मोजली तर २८ भरली. स्वयंपाकाचं ठरलं, श्रीखंड कोण आणणार ते ठरलं, आणि मग फॅमिली ग्रुपवर आमच्या मामेभावाचा मेसेज आला, "ताटांची काळजी नको. मी डिस्पोजेबल आणतोय. इको-फ्रेंडली आहेत. उन्हाळा आहे, तेवढंच पाणी वाचेल." खाली हिरवं पान, पृथ्वीचा गोळा आणि जोडलेले हात. तासाभरात अकरा अंगठे पडले.

आता एखादा म्हणाला असता, "कंटाळा येतो बुवा भांड्यांचा, कागदी ताटं आणू," तर मी एक अक्षर बोललो नसतो. कंटाळा ही प्रामाणिक गोष्ट आहे. पण कंटाळ्याला "पाणी वाचेल" असं नाव दिलं की माझं डोकं फिरतं. मी लगेच लांबलचक उत्तर लिहिलं. माळ्यावर आईची स्टीलची ताटं आहेत, ती काढू, कचरा कशाला करायचा, फुरसुंगी, देवनार, वगैरे वगैरे. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

दहा मिनिटांनी वहिनींचा फोन. ग्रुपवर नाही, थेट फोन.

"भाऊजी, तुमचं वाचलं. छान लिहिलंय. काढू आपण स्टीलची ताटं, माझी काही हरकत नाही. फक्त घासणार कोण तेवढं सांगा. मावशी गावाला गेल्यात पंधरा दिवस."

मी गप्प. म्हणजे अगदी गप्प. कारण इतकी वर्षं आमच्या घरी पंगती उठल्यावर मी काय करत आलोय ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही. मी सुपारी खात आलोय.

म्हणून हा लेख. कागदी ताटांविरुद्ध आहेच, पण थोडा माझ्याविरुद्धही आहे.

आधी पाण्याचा हिशोब, कारण तिथूनच सुरुवात झाली. नुसत्या तोंडाच्या वाफा नकोत म्हणून मी मोजलं (हो, मोजलं! बायकोने वेड्यात काढलं). एक लिटरचं माप नळाखाली धरलं. सिंकचा नळ पूर्ण सोडला तर ते ८ सेकंदांत भरलं. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. २८ माणसांची २८ ताटं, ५६ वाट्या, २८ पेले, २८ चमचे. एकूण १४० नग. नळ चालू ठेवून एकेका नगाला १५ सेकंद धरले तर ३५ मिनिटं नळ वाहणार. म्हणजे २६२ लिटर. मामेभाऊ अगदीच खोटं बोलत नव्हता!

पण भांडी अशी घासायची असतात हे ठरवलं कुणी? माझ्या आजीच्या मोरीला नळच नव्हता. एक घंगाळ, एक बादली, राख आणि नारळाची शेंडी. खरकटं आधी काढायचं, मग भांडी पाण्यात टाकायची, मग घासायची, मग एका पाण्यात विसळायची आणि दुसर्‍या पाण्यात खळबळायची. पाणी विहिरीतून तिलाच शेंदावं लागायचं, त्यामुळे पर्यावरण वगैरे शब्द माहीत नसतानाही ती एक तांब्या जास्त वापरत नसे. आम्ही त्या दिवशी तसंच करायचं ठरवलं. १५ लिटरची बादली धरून, भिजवायला एक, पहिल्या विसळण्याला दोन, दुसर्‍याला दोन. पाच बादल्या, ७५ लिटर. माणशी पावणेतीन लिटरसुद्धा नाही. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका दणक्यात दहा लिटर सोडते. त्या दिवशी २८ जणांनी एकेकदा जरी साखळी ओढली असेल तर... असो. त्यावर ग्रुपवर कुणी मेसेज टाकला नाही.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा आपल्याकडे सरकारी मापदंड आहे. त्यातले पावणेतीन लिटर वाचवण्यासाठी आपण एक ताट, दोन वाट्या, एक पेला आणि एक चमचा कचर्‍यात टाकायला निघालो होतो. आणि ते तरी वाचतात का? कागदाचा लगदा काय कोरडा होतो? कागद कारखान्याइतकं पाणी पिणारे कारखाने थोडेच. फक्त ते पाणी आपल्या सोसायटीच्या टँकरमधून जात नाही. दुसर्‍या कुठल्या तरी नदीतून जातं. पाणी वाचलं नाही, आपल्याला दिसेनासं झालं, एवढंच.

आता दुसरी बाजू. ती न सांगता भांडणं म्हणजे लबाडी होईल. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली कपांचा हिशोब मांडला होता. कप बनवायला आणि धुवायला लागणारी ऊर्जा धरली, तर चिनी मातीचा कप किमान ३९ वेळा वापरला तरच तो कागदी कपाशी बरोबरी करतो, आणि थर्माकोलच्या कपाशी बरोबरी करायला १००६ वेळा वापरावा लागतो, असं त्यांचं गणित. डिस्पोजेबलवाल्यांचा हा हुकमी एक्का. आणि तो खोटा नाही. धुण्याला किंमत असते, भांडं बनवण्यालाही असते. नुसतं "पुन्हा वापरता येतं" म्हणून कुठली वस्तू आपोआप पवित्र होत नाही.

पण या गणिताच्या पोटात काय आहे ते बघा. तिथला कप मशीनमध्ये, तापवलेल्या पाण्याने धुतला जातो. धुण्याच्या खर्चातला मोठा भाग पाणी तापवण्याचा. माझ्या आईने, आजीने, आणि आमच्या मावशींनी आयुष्यभर भांडी गार पाण्याने घासली आहेत. तुपाचं पातेलं सोडलं तर गरम पाणी कुणाच्या नशिबी नव्हतं. तिथे वीज लागते, इथे हात लागतात. म्हणून तिथला आकडा उचलून आपल्या मोरीत आणून ठेवता येत नाही. (२०२० च्या लॉकडाऊननंतर आपल्याकडेही बर्‍याच घरांत डिशवॉशर आले. नव्या मशीनला एका खेपेला साधारण दहाच लिटर पाणी लागतं, नळ सोडून घासण्यापेक्षा कितीतरी कमी. पण मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नये, आणि वीज विसरू नये.)

आणि दुसरं म्हणजे, ३९ आणि १००६ हे आकडे ऐकून घाबरायचं कुणी? जो दरवर्षी नवा डिनर सेट घेतो त्याने. आईच्या ताटांवर मागच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, "दि. ७-५-१९७४". लग्नातली. त्यातली सहा ताटं रोजच्या वापरात राहिली. बाबा शेवटपर्यंत त्यातल्याच एकात जेवले. कडेला पोचा आलेलं. तेच त्यांचं. त्यांच्यानंतर ते दादाकडे आलं, अजून रोज वापरात आहे. दिवसाला दोन जेवणं धरली तर ५१ वर्षांत एका ताटाची ३७ हजारांच्या वर जेवणं झाली. हॉकिंग साहेबांच्या कोष्टकात स्टीलचं ताट नव्हतं, पण ३७ हजार म्हटल्यावर त्यांनीही पेन खाली ठेवलं असतं.

उरलेली ताटं माळ्यावर. काही बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेली, काही कुणाच्या मुंजीत आलेली. आणि इथे मला स्वतःच्या बाजूलाही एक टोचायचं आहे. माळ्यावर गोणपाटात बांधलेलं ताट पर्यावरणाचं काही भलं करत नाही. लोखंड, क्रोमियम खणून काढून, भट्टीत वितळवून केलेली वस्तू दहा वर्षांतून एकदा निघत असेल तर तिच्यापेक्षा केळीचं पान बरं. पूर्वी गावकीची भांडी असत, देवळात ठेवलेली, ज्याच्या घरी कार्य असेल तो नेई आणि मोजून, घासून परत आणून ठेवी. मोठाली पातेली, पराती, तांबे, सगळं सामाईक. आता प्रत्येकाच्या माळ्यावर तीस ताटं आहेत आणि प्रत्येक जण कार्याला कागदी ताटं विकत आणतो. आमच्या सोसायटीत ४८ बिर्‍हाडं आहेत. साठ ताटांचा एकच सेट सगळ्यांना पुरून उरेल. हे मी मीटिंगमध्ये मांडलं. तिथेही पहिला प्रश्न तोच आला, "घासून ठेवल्येत की नाही ते बघणार कोण?"

आता त्या "इको-फ्रेंडली" ताटांविषयी. मामेभावाने नमुना म्हणून एक पाकीट आधीच पाठवलं होतं. वर हिरवं पान छापलेलं. मी एक ताट रात्रभर बादलीत भिजत घातलं. सकाळी कागदाचा लगदा हातात आला आणि वरचा गुळगुळीत पापुद्रा अख्खाच्या अख्खा निघाला. पारदर्शक, ताणला तर लांब होणारा. प्लास्टिक! ते नसेल तर आमटी ताटात थांबणार कशी? शंका आली म्हणून बाजारातून मशीनवर दाबलेली पत्रावळ आणली. वर पळसाची पानं, खाली तसाच पापुद्रा. तुम्हीही करून बघा, नखाने कोपरा खरवडला तरी कळतं. पळसाची पानं काड्यांनी टोचून केलेली जुनी पत्रावळ वेगळी आणि ही वेगळी. नाव तेवढं तेच ठेवलंय.

हा पापुद्रा निरुपद्रवी असतो असंही नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली कागदी कपात गरम पाणी १५ मिनिटं ठेवून बघितलं, तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरलेले सापडले. आपण चहा पिताना एवढं मोजत नाही, ही गोष्ट वेगळी.

बरं, सरकारने काही केलं नाही म्हणावं तर तसंही नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या-पेल्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर आली. तेव्हा मला वाटलं होतं, लोक माळ्यावरची ताटं काढतील. लोकांनी दुकानदाराला विचारलं, "मग आता काय चालतं?" बंदी थर्माकोलवर आली, फेकण्यावर आली नाही. थर्माकोलच्या जागी कागद आला, कागदाच्या जागी उसाचं चिपाड. चिपाडाची ताटं त्यातल्या त्यात बरी, कबूल. पण त्यालाही "टाकाऊपासून टिकाऊ" म्हणताना जरा थांबावं. साखर कारखाने चिपाड टाकून देत नाहीत, ते बॉयलरला जाळतात आणि त्यावर वीज करतात. आणि चिपाडाचं ताट कुजतं, पण नीट खतात घातलं तर. श्रीखंड-आमटी लागलेलं, काळ्या पिशवीत बांधलेलं, डेपोच्या ढिगाखाली दाबलं गेलेलं ताट हवेशिवाय सडतं आणि मिथेन सोडतं. भंगारवालाही ते घेत नाही. कोरडा कागद चार पैशांना जातो. खरकटा आणि वर प्लास्टिक चिकटलेला कागद कोण घेणार?

मग ते जातं कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, माशा, वास, सगळं त्यांनी सोसलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा गावकर्‍यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात कोपर्‍याकोपर्‍यावर ढीग साचले. तेव्हा आम्ही पेठांतून, कोथरुडातून नाकाला रुमाल लावून विचारत होतो, "हे गावकरी असे का वागतात?" अहो, आपलं उष्टं ताट त्यांच्या दारात पडत होतं म्हणून! ताट फेकलं म्हणजे घासण्याचं काम संपत नाही. ते दुसर्‍याच्या दारात जाऊन पडतं, आणि तिथे ते कुणालाच करता येत नाही.

मग कागदी ताट कधीच वापरू नये का? तसं माझं म्हणणं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. एप्रिलमध्ये पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वर्षी लातूरच्या मावशींकडे मी एका कार्याला गेलो होतो. बाराव्या दिवशी टँकर. त्यांनी आमच्यापुढे कागदी ताटं मांडली आणि त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "एवढी भांडी आहेत रे घरात, पण विसळायला पाणी नाही." तिथे मी काय वाद घालणार होतो? घरात आजारी माणूस आहे, घरात एकटं म्हातारं माणूस आहे आणि बोटं वाकलेली आहेत, प्रवास आहे, अशा वेळी वापरावं आणि मनाला लावून घेऊ नये. कोकणात परसातल्या केळीचं पान कापून त्यावर जेवणं आणि ते गाईला घालणं, यावर तर माझ्याकडे टीकेचा शब्दच नाही. ते ताट धुवायचंही नाही आणि फेकायचंही नाही. पण पुण्यात पाचव्या मजल्यावर, नळाला पाणी असताना, आठ धडधाकट पुरुष जेवून पंख्याखाली आडवे होणार असताना, लातूरचं नाव घेऊन कागदी ताट पुढे करायचं नाही.

कारण मुद्दा शेवटी तिथेच येतो. वहिनींनी फोनवर विचारला तिथेच. स्टीलच्या ताटाचं सगळं पुण्य घासणार्‍याच्या हातांवर उभं आहे, आणि ते हात कधीच आमचे नव्हते. आजीच्या हातांना राखेने भेगा पडायच्या. मावशींची बोटं पावसाळ्यात पांढरी पडून सोलतात, साबणाने. आम्ही मात्र "आमच्याकडे थर्माकोल कधीच आणत नाहीत हं" असं चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. दुसर्‍याच्या हातांवर पर्यावरणवादी होणं फार सोपं असतं. बायकांनी कागदी ताटांचं स्वागत केलं ते त्यांना पृथ्वीची पर्वा नाही म्हणून नाही. पंगत उठल्यावर एकदा तरी त्यांनाही दुपारी आडवं व्हायचं होतं म्हणून. ही सुट्टी त्यांना मिळालीच पाहिजे. ती देण्याचे दोन रस्ते आहेत. ताटं फेकायची, किंवा आपण उठून घासायची. पहिला रस्ता घ्यायचा तर घ्या, पण मग त्याला पर्यावरण म्हणू नका. दुसरा रस्ता समोर असताना आपण पहिला घेतला, असं सरळ म्हणा.

मी वहिनींना परत फोन केला. म्हटलं, "मी घासणार. आणि दादा. आणि ज्याने पानं-पृथ्वी पाठवलीत तो." त्या हसल्या. "बघू," एवढंच म्हणाल्या.

तर मंडळी, आम्ही घासली. दादा खरकटं काढायला, मी घासायला, मामेभाऊ पहिल्या पाण्याला, त्याचा मुलगा दुसर्‍या पाण्याला, भाचा पुसायला. गच्चीवर, सावलीत, पाच बादल्या भरून. एक तास दहा मिनिटं लागली. माझी कंबर दोन दिवस धरली होती. बिनसाबणाचं पहिलं पाणी कुंड्यांना गेलं. शेवटी मोजताना दोन वाट्या कमी भरल्या, त्यातली एक खरकट्याच्या बादलीत सापडली. मामेभाऊ सुरुवातीला तोंड पाडून होता, पण अर्ध्या तासाने स्वतःच म्हणाला, "नळ सोडून धुतली असती तर खरंच टाकी संपली असती रे." त्याची पाकिटं मात्र अजून आमच्या माळ्यावर आहेत. फेकायची कुठे हा प्रश्न आहेच.

आई दोनदा उठून बघायला आली. दोन्ही वेळा तिला परत पाठवावं लागलं. तिसर्‍यांदा आली आणि एक ताट उलटं करून तारीख वाचत बसली.

वहिनी दुपारी तास-दीड तास झोपल्या. दुसर्‍या दिवशी मला कळलं की त्यांनी संध्याकाळी त्यातली सात-आठ ताटं परत घासली. "चिकट होती भाऊजी, तुमच्या हाताला अजून सवय नाही." म्हणजे पास झालो असं म्हणता येणार नाही. पुढच्या महिन्यात दादाकडे सत्यनारायण आहे, माणसं चाळीसच्या घरात जातील. ग्रुपवर अजून कुणी डिस्पोजेबलचं नाव काढलेलं नाही. वहिनींनी फक्त एक ओळ टाकली आहे, "घासणार्‍यांनी आपापली नावं लिहावीत."

सध्या तिथे चार नावं आहेत. हे वाचणार्‍या बाकीच्या भाऊबंदांनी काय ते समजून घ्यावं. :-)